सोत्वोल्दी-उस्ताचं तिसरं सील

सोत्वोल्दी-उस्ता, सलाम.

पत्र लिहायला मी जरा उशीरच केला. तुम्हाला जाऊन दोन हिवाळे झाले. पण तुम्ही असतात तरी काय, पत्र हातात घेऊन चष्मा कुठे ठेवला म्हणून हैरिनिसोला हाका मारत बसला असतात. तेव्हा फार काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल सगळे साखरेत घोळून बोलतात. मला ते जमत नाही, बत्तीस वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवल्यावर जमणारही नाही. म्हणून तुमची गोष्ट परक्या माणसाची सांगावी तशी सांगते. तुम्हाला 'तो' म्हणते, आणि मी जिथे येते तिथे मलाही 'ती'च म्हणते. जे मला दिसलं नव्हतं ते हैरिनिसोने सांगितलंय. चूक निघाली तर तिच्याशी भांडा.

मार्गिलानमध्ये रेशीम कारखान्याच्या मागच्या गल्लीत सोत्वोल्दीचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे त्याच्याच घराचा पुढचा भाग: निळा पत्र्याचा दरवाजा, आत माणूस उभा राहील एवढा खड्डा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात एक तुटकी खुर्ची, जिच्यावर बसायची परवानगी फक्त गाडीच्या मालकाला. सोत्वोल्दी स्वतः बसायचा नाही. तो एक तर खड्ड्यात असायचा नाहीतर उकिडवा.

त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा आईने त्याला शेजारणीला मूठभर कोंड्यावर विकला आणि लगेच परत घेतला. सोत्वोल्दी म्हणजे विकत घेतलेला. तो म्हणायचा, "मी तसा जुनाच माल. एकदा वापरून परत आलेला."

बावीस वर्षं तो सामूहिक शेताच्या ट्रॅक्टर आगारात होता. कापूस वेचायची यंत्रं, ट्रक, अध्यक्षांची गाडी, जे आणून उभं कराल ते दुरुस्त करायचा. शिक्षण सात यत्ता, पण कान असा की इंजिन चालू करून कुणी बोलायला लागलं तर तो हात वर करायचा आणि इंजिनाचं आधी ऐकून घ्यायचा. माणसाचं नंतर. बायकोची, हैरिनिसोची, हीच तक्रार होती.

काम संपलं की तो गाडीखाली एक पांढरं फडकं अंथरायचा. हैरिनिसोचे जुने रुमाल त्यासाठी राखून ठेवलेले असत. सकाळी मालकाने यायचं, एक पियाला चहा घ्यायचा, आणि मग दोघांनी वाकून फडकं बघायचं. स्वच्छ असेल तर किल्ली मिळायची. डाग दिसला तर मालकाने काही बोलायच्या आत सोत्वोल्दी पुन्हा खड्ड्यात. हमी, पावती वगैरे काही नाही. फडकं म्हणजेच त्याचा शब्द.

आता व्होल्गा. अब्दुवोहिद-आका हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. गल्लीत सगळ्यात वयस्क नव्हेत, पण सगळ्यात वयस्क असल्यासारखे वागणारे. त्यांची व्होल्गा सत्तावन्नाच्या सालातल्या घाटाची, पिस्त्याच्या रंगाची, बॉनेटवर उडी मारणारं हरिण. स्वतःच्या पोरांना त्यांनी जेवढं पुसलं नसेल तेवढं त्या हरणाला पुसलं. दर शरद ऋतूत गाडी खड्ड्यावर घ्यायची, कढईत डांबर उकळायचं आणि गंज चढू नये म्हणून गाडीचं सगळं पोट स्वतःच्या हाताने काळं करायचं, हा त्यांचा नेम. दुसऱ्या कुणाला ब्रश धरू द्यायचे नाहीत.

शहाण्णव सालच्या वसंतात त्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी पेटीतून, तेल गळायला लागलं. गिअर ऑइलचा तो कुजका वास अंगणात पसरला तशी अब्दुवोहिद-आकांनी गाडी सोत्वोल्दीकडे आणली.

सोत्वोल्दीने खाली जाऊन बघितलं. पुढून येणारा लांब शाफ्ट जिथे डिफरन्शियलमध्ये शिरतो तिथे, त्या तोंडाशी, ओलं. "तेल अडवणारं सील गेलंय, आका," तो खड्ड्यातून म्हणाला. "बदलतो. हवेची टोपी साफ आहे ना?"

"मी स्वतः साफ केलीय," आका वरून म्हणाले. "नवरोजच्या आधी. रॉकेलने."

झालं. सोत्वोल्दीने टोपीकडे बघितलंही नाही. कसं बघणार? दहा वर्षांनी मोठा माणूस 'मी स्वतः केलं' म्हणतोय, आणि आपण त्याच्यासमोर तिथे बोट फिरवून बघायचं? म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखंच. आमच्या गल्लीत असं कुणी करत नाही. सोत्वोल्दी तर मुळीच नाही.

सोव्हिएत संघ मोडून पाच वर्षं झाली होती. सुटे भाग बनवणारे कारखाने जागचे न हलता परदेशात गेले होते. बाजारात मिळालेलं रबरी सील शिळ्या रोटीच्या कडेसारखं कडक होतं. त्याने तेच बसवलं. सकाळी फडकं स्वच्छ. नऊ दिवसांनी व्होल्गा परत दारात.

"रबर वाईट होतं, आका. चूक माझी, मी घ्यायलाच नको होतं."

दुसऱ्यांदा त्याने आगारातली जुनी रीत काढली. लष्करी बुटाचं पोटरीजवळचं मऊ कातडं घेतलं, गोल कापलं, लाकडी साच्यात दाबून त्याला ओठ काढला आणि मेंढीच्या शेपटीच्या चरबीत दोन दिवस भिजत ठेवलं. हैरिनिसो म्हणाली, "पुलावाला चरबी नाही, आणि गाडीला मेजवानी." कातड्याचं सील बसलं छान. फडकं पुन्हा स्वच्छ. गाडी फरगान्यापर्यंत जाऊन आली आणि पुन्हा मागून ओली.

इथपर्यंत कुणाचं काही गेलं नव्हतं. कामं परत येतात. पण त्या सुमारास सोत्वोल्दी एक गोष्ट लपवून होता. सकाळी चहा ओतताना त्याच्या उजव्या हाताला बारीक कंप यायचा. वय त्रेसष्ट. त्याने एकट्याने तपासून पाहिलं होतं: पियाला काठोकाठ भरून अंगण ओलांडायचं. कधी सांडायचा, कधी नाही. त्या हाताशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि हाताचं खरं काय ते आता ही व्होल्गाच सांगणार, असं त्याच्या मनाने घेतलं.

कालव्याकाठच्या चायखान्यात शुक्रवारी आस्किया रंगायची. म्हणजे एक विषय धरायचा आणि त्यावरून एकमेकांची पिसं काढायची. नियम एकच, चिडला तो हरला. होल्मत नावाचा खरबूजवाला त्यातला उस्ताद. सोत्वोल्दीचा लहानपणचा मित्र, म्हणून जास्तच धारदार.

"काय रे सोत्वोल्दी," होल्मतने सुरुवात केली, "त्या व्होल्गाला तू परतीची वाट शिकवलीस का? जिथे जाते तिथे थेंब टाकत जाते. कुठूनही सोडा, वास काढत तुझ्याच दारात!"

"तुझी खरबुजं बाजारात शहाणी असतात आणि लोकांच्या घरी गेली की सडतात, तसंच," सोत्वोल्दी म्हणाला. हशा झाला.

"खरबूज अल्ला बनवतो, मी नाही. ते कातडं मात्र तू कापलंस. बुटाचं होतं म्हणे?"

"होतं."

"मग बरोबर. बूट तो, एका जागी बसणार कसा? चालायला लागला!"

"तुझी जीभ बसवायला हवी होती तिथे. ती कधी सुकत नाही."

पुन्हा हशा. चहावाल्याच्या हातातली किटली हलली. सोत्वोल्दी जिंकत होता. मग होल्मतने दाढी खाजवली आणि म्हणाला, "कातड्याला, रबराला बोल कशाला लावता मंडळी? सील चांगलंच होतं. हात म्हातारा झालाय. मी त्याला परवा चहा घेताना बघितलं, अर्धा दाढीला पाजत होता."

यावर उत्तर सोपं होतं. 'दाढीलाही तहान लागते' एवढं म्हटलं असतं तरी सभा त्याचीच.  पण सोत्वोल्दीने दस्तरखानावरची रोटी उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "तिसऱ्यांदा बसवतोय. गळली तर ही रोटी मला मारो, मी परत पान्याला हात लावणार नाही."

 होल्मतचा चेहरा उतरला. "अरे वेड्या, थट्टा चालली होती."

"तुझी चालली होती," सोत्वोल्दी म्हणाला.

आस्कियात घेतलेली शपथ खरी धरायची का, यावर तिथे पुढे महिनाभर खल झाला. काही म्हणाले, थट्टेत सगळं माफ. इमाम म्हणाले, रोटी थट्टा ओळखत नाही. पण ज्याने घेतली त्याच्या मनात शंका नव्हती. हैरिनिसोला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शपथ चायखान्यात, आणि उपास माझ्या घरात. वा."

तिसरं सील त्याने चार दिवस घेऊन केलं. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तोंडांवर छिन्नीने खूण केली, म्हणजे बसवताना जसंच्या तसं बसेल. मधला मोठा नट सोडताना किती आटे फिरले ते खडूने भिंतीवर मांडत गेला, कारण तो नट वाजवीपेक्षा आवळला तर आतली बेअरिंगं जळतात आणि सैल राहिला तर रडतात. सीलचा ओठ ज्या लोखंडी तोंडावर घासतो तिथे बोट फिरवलं. नखाला अडेल एवढीही चर नव्हती. तरी पुन्हा घासून गुळगुळीत केलं. कातडं नवीन, चरबी नवीन. सील आत ठोकताना त्याने हैरिनिसोला दिवा धरायला बोलावलं. ती सांगते, हात हलत नव्हता. दगडासारखा होता. घाम मात्र नाकावरून टपकत होता. तो म्हणाला, "माझा घाम गळतोय, तेल नको गळू दे."

फडकं सकाळी स्वच्छ. अब्दुवोहिद-आका पुतण्याच्या लग्नाला कोकंदला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, गाडी दुकानासमोर उभी केली, खाली बोट दाखवलं. शाफ्टच्या तोंडाखालून, डांबराच्या काळ्या पोटावर, तेलाची चमकती रेघ.

सोत्वोल्दीने वाकून बघितलं. "हो," म्हणाला. मग आत जाऊन पाने एकेक करून भिंतीवरून उतरवले, रॉकेलने पुसले, पोत्यात बांधले आणि दरवाजा लावला. आका बाहेर म्हणत होते, "अहो उस्ता, एवढं काय त्यात? अजून एकदा बघा की." 

या आकांची धाकटी बहीण सबोहत. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, म्हणून गल्लीची मुआल्लिमा, नुकतीच निवृत्त झालेली, आणि रिकामी बाई काय करणार, तर दुसऱ्यांच्या चुका शोधणार. उस्ताच्या शपथेची गोष्ट ऐकून तिला दया आली नाही, राग आला. उभ्या गाडीखाली फडकं स्वच्छ आणि धावून आलेली गाडी ओली? तीनही वेळा तसंच? मग हाताचा संबंध काय?

सोत्वोल्दीचा दरवाजा बंद होऊन तीन आठवडे झाले होते. आका अंदिजानहून गाडी घेऊन आले आणि पुलाव खाऊन आडवे झाले. सबोहत विणायची सुई घेऊन त्यांच्या अंगणातल्या खड्ड्यात उतरली. अंगावर रेशमी झगा, वय अठ्ठावन्न. मागच्या अॅक्सलच्या पाठीवर हात फिरवत गेली तर अंगठ्याच्या नखाएवढी एक गाठ लागली. वरून डांबराचे थरावर थर, किती शरद ऋतूंचे ते अल्ला जाणे. तिने सुई खुपसली. फस्स करून हवा बाहेर आली, तेलाच्या वासाची, ऊन ऊन.

एवढंच होतं ते. गाडी धावली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि त्या टोपीच्या भोकातून निघून जाते. भोक बुजलेलं असेल तर सगळ्यात मऊ जागा शोधून तेलासकट बाहेर पडते. मऊ जागा म्हणजे सील. देवदूताने बसवलं असतं तरी गळलं असतं. आकांनी नवरोजच्या आधी रॉकेलने साफ केली होती ती तेल भरायची बुची; तेवढीच तिथे चकचकीत होती. टोपी कुठली ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पण चाळीस वर्षं लोकांचं पाणी वाटणाऱ्या माणसाला 'मला ठाऊक नाही' म्हणायची सवय नसते.

सबोहत तशीच, काळ्या हातांनी, सोत्वोल्दीच्या अंगणात गेली. तो द्राक्षाच्या मांडवाखाली तांदूळ निवडत होता.

"उस्ता, हात ठीक आहे तुमचा. हवेची टोपी डांबराने बुजली होती. मी आत्ता उघडली."

त्याने ताट खाली ठेवलं. तिच्या हातांकडे बघितलं. "मी विचारलं होतं," तो म्हणाला.

"विचारलं होतंत. बघितलं नाहीत."

"आका म्हणाले, स्वतः केलीय."

"ते बुचीबद्दल बोलत होते."

"त्यांना सांगितलंत?"

"अजून नाही. झोपलेत."

"मग नका सांगू, मुआल्लिमा. पांढऱ्या दाढीचा माणूस. लोक म्हणतील, डांबर फासून फासून स्वतःच गाडी बिघडवली आणि उस्ताला घरी बसवलं."

"आणि तुम्ही घरी बसलात त्याचं काय?"

"मला कळलं ना," तो म्हणाला. "तेवढं पुरे." हैरिनिसो मागून म्हणाली, "तुम्हाला पुरत असेल."

व्होल्गा त्यानंतर गळली नाही. तिसरं सील उत्तम होतं. ते तसंच राहिलं. आता मात्र चायखान्यात नवीन विषय मिळाला. आका स्वतःच सांगायचे, "बघा, उस्ताने हात काढला आणि गाडी आपोआप बरी झाली." त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं. लोक हसायचे. होल्मत हसायचा नाही, पण त्याच्याने काही म्हणवतही नव्हतं. शहरातल्या जुन्या गाड्या आता स्टेशनजवळच्या एका तरुण कारागिराकडे जाऊ लागल्या. सोत्वोल्दी रेशीम कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. तिथे येणाऱ्या ट्रकचं इंजिन खोकत आलं की त्याची मान आपोआप वर व्हायची. ड्रायव्हर विचारायचे, "बाबा, काय झालंय हो हिला?" तो ऐकून सांगायचा, दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा पंपाचा पट्टा. सांगायची बंदी नव्हती. पाना पुढे केला की हात पाठीमागे घ्यायचा. ड्रायव्हरांना वाटायचं, म्हातारा तिरसट आहे.

सफरचंदं उतरायच्या दिवसांत तो एकदा सबोहतच्या फाटकाशी आला. आत आला नाही. कामाचे कपडे बदलून, टोपी नीट घालून आला होता, म्हणजे ठरवून आला होता.

"मुआल्लिमा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी म्हणालो होतो पुरे. पुरत नाही. शपथ चार लोकांत घेतली, ती चार लोकांतच उतरायला हवी. मी बोललो तर आकांना दोष दिल्यासारखं होईल. तुम्ही त्यांना हळूच सांगा. मग ते तिथे कसंही सांगू देत. थट्टा करून सांगू देत, माझ्यावरच हसू देत. पण दोष हाताचा नव्हता, एवढं त्यांच्या तोंडून येऊ दे. मग मी दरवाजा उघडतो."

"एवढंच ना?" सबोहत म्हणाली. "उद्या सांगते."

तो छातीवर हात ठेवून झुकला आणि गेला. चालताना खांदे जरा वर उचललेले होते. हैरिनिसो सांगते, त्या संध्याकाळी त्याने पोतं सोडून पाने बघितले, पण हात न लावता.

दुसऱ्या दिवशी आकांना ताप होता. मग ताशकंदहून सुनेची माणसं आली. मग डांबर लावायचा मोसम आला आणि सबोहतने जाऊन एवढंच म्हटलं, "आका, ती वरची गाठ सोडून लावा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तिला सांगायची ती वेळ होती. ती भावाच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, ब्रश धरलेला, कढईच्या धुराने डोळे लाल. याच माणसाने, बाप नको नको म्हणत असताना, तिचा हात धरून तिला ताशकंदच्या गाडीत बसवलं होतं, 'शिकू दे तिला' म्हणून. ती जगात कुणालाही काहीही सांगू शकत होती. शाळेच्या संचालकाला भर सभेत अडाणी म्हणाली होती. भावाला तुम्ही चुकलात एवढं म्हणायला तिला तोंड फुटलं नाही. ती घरी आली.

सोत्वोल्दीने पुन्हा विचारलं नाही. रस्त्यात भेटला की छातीवर हात ठेवायचा, तिच्या तब्येतीची, मुलांची चौकशी करायचा, आणि जरासा थांबायचा. सबोहत घाईत असायची. सात वर्षं ती घाईत होती. मग अब्दुवोहिद-आका गेले. खांदा द्यायला सोत्वोल्दी पहिल्या चौघांत होता. व्होल्गा त्यांच्या मुलाने लग्नांना गाड्या भाड्याने देणाऱ्या एकाला दिली. त्यानंतर सोत्वोल्दी अजून अकरा वर्षं फाटकावर बसला.

आका गेल्यावर सांगायचं राहिलं ते फक्त चायखान्यात. तिथे बायका जात नाहीत, पण निवृत्त मुआल्लिमेला दारातून हाक मारून चार वाक्यं बोलायला कुणी अडवलं नसतं. होल्मत अजून आहे. डोळ्यांनी दिसत नाही, कान शाबूत आहेत. शुक्रवारी तो त्याच जागी बसतो. सबोहतच्या फाटकापासून तिथपर्यंत दोनशे पावलं आहेत. तिने ती एकदा मोजली, आणि कालव्याच्या पुलावरून परत फिरली.